हरिपूर सांगलीचं उपनगर नाही, ते गाव म्हणूनच राहावं

संगमपार

प्लॉटच्या जाहिरातींत हल्ली हरिपूर ‘सांगलीचं शांत उपनगर’ म्हणून येतं. महापालिकेच्या हद्दवाढीचा विषय निघाला की माधवनगर, बुधगावच्या जोडीला हरिपूरचंही नाव लोक सहज घेऊन टाकतात. मी हरिपूरचा. मला हे दोन्ही खटकतं, आणि का ते सविस्तर लिहितोय.

उपनगर शहराच्या गरजेतून वाढतं. सांगलीतली विश्रामबाग तशी वाढली. १९१९ मध्ये विलिंग्डन कॉलेज आलं, १९४७ मध्ये धोंडूमामा साठ्यांचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं (तेच पुढं वालचंद झालं), आणि त्यांच्या भोवतीनं कॉलन्या उठल्या. त्यात कमीपणा काही नाही. वि. कृ. गोकाक, रं. श्री. मुगळी यांच्यासारखे कन्नडचे मोठे लेखक विलिंग्डनमध्ये होते, हे आज किती सांगलीकरांना माहीत आहे? पण हरिपूर असं वाढलेलं नाही. कृष्णा-वारणेचा संगम, तिथला संगमेश्वर, घाट, आणि त्यांच्या आधारानं बसलेलं गाव. श्रावणातल्या सोमवारी सांगली चिंचांच्या रस्त्यानं चालत आमच्याकडं येते. म्हणजे आम्ही शहराचं टोक नाही, त्यांचं तीर्थ आहोत.

दुसरी गोष्ट हळदीची. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेठ सांगलीची, वायदेबाजार सांगलीचा, पण तो माल वर्षानुवर्षं राहायचा हरिपूरच्या जमिनीत, पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात. पेवं नसती तर व्यापाऱ्याला भाव येईपर्यंत माल धरून ठेवता आला नसता. सांगलीची हळदपेठ उभी राहिली त्यात आमच्या मातीचा वाटा मोठा आहे.

आणि गोविंद बल्लाळ देवल. जन्म १८५५, हरिपूर. ‘शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये, म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या कोवळ्या मुलीची कैफियत घेऊन. ते संगमाजवळच्या पारावर बसून लिहिलं, असं आमच्याकडं सांगतात. विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या प्रयोगामुळं सांगली नाट्यपंढरी झाली हे खरंच, पण त्या पंढरीचा एक मोठा नाटककार या गावानं दिलाय.

असं गाव उद्या महापालिकेतला एक प्रभाग झालं तर संगम, पेवं, पार यांच्याकडं कोण बघणार? सगळ्यांनी मोकळेपणानं लिहा, विरोधातलंही.

रोजचा_प्रवासी

संगमपार, इतिहासाबद्दल दुमत नाही. पण तुम्ही लिहिलेलं गाव आणि मी रोज बघतो ते हरिपूर वेगळं आहे. सकाळी नऊ वाजता हरिपूर रोडला उभे राहा. शाळेच्या रिक्षा, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, मार्केट यार्डला, दुकानांत, ऑफिसात कामाला जाणारे, सगळे सांगलीकडं. कोथळीकडचा पूल झाल्यापासून शिरोळ तालुक्यातली वाहनंही याच रस्त्यानं येतात. नवीन बंगले, अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्यांची निम्मी माणसं हरिपूरच्या ग्रामसभेला कधी गेलेली नसतील. याला उपनगर नाही तर काय म्हणायचं?

ग्रामपंचायतीबद्दल मला आदर आहे. पण घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणारी ग्रामपंचायत हजारो लोकवस्तीचं सांडपाणी, कचरा, रस्ते पेलू शकत नाही. आग लागली तर बंब कुठून येतो? शहराचा उपयोग रोज करायचा आणि हद्द आली की गाव म्हणायचं, हे न्यायाचं नाही. पार आणि पेवं जपायला पैसा आणि माणसं लागतात, ती मोठ्या संस्थेकडं असतात.

कुपवाडची_लेक

प्रवासीदादा, मोठी संस्था म्हणजे काम होतंच असं धरू नका. फेब्रुवारी १९९८ मध्ये सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली. ११८ चौरस किलोमीटरचं क्षेत्र. नावात आम्ही तिसरे, आणि कामातही बहुतेक वेळा तिसरेच राहिलो. कुपवाडची भुयारी गटार योजना दोन दशकांहून जास्त काळ कागदावरच होती. एमआयडीसी आमच्याकडं, फाउंड्र्या, सूतगिरण्या, बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आमच्याकडं, जत-कवठेमहांकाळहून आणि कर्नाटकातून आलेला कामगार आमच्या चाळीत. शहराचा रोजगार इथं पिकतो, तरी निधी वाटताना आम्ही शेवटी.

कुपवाडला स्वतःचं जुनं गावठाण आहे, वेशीतला मारुती आहे. ते आज कुणाच्या लक्षात तरी आहे का? संगमपार म्हणतात ती भीती मला बरोबर वाटते.

मिरजेचा_सूर

कुपवाडच्या ताईंचं दुःख खरं आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. मिरजही त्याच दिवशी महापालिकेत गेली. मिरजेचं मिरजपण कमी झालं का? मीरासाहेबांचा दर्गा, तिथला उरूस आणि संगीत सभा, अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी, वॉनलेस साहेबांनी सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल, रेल्वे जंक्शन, सतारमेकर गल्ली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला मानांकन मिळालं, ते मिरजेच्या नावानं. महापालिकेच्या नावानं नव्हे.

कारण साधं आहे. इथले कारागीर अजून भोपळा निवडतात, तारा लावतात, तारेचा सूर खुलवायला जवारी काढतात. काम चालू आहे म्हणून नाव चालू आहे. हद्द कुणीही आखो. म्हणून संगमपार, मला तुम्हाला विचारायचंय: हरिपूरला आज पेवात हळद किती आहे? पारावर नाटकाची तालीम होते का? त्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ते महापालिकेनं केलेलं नाही. ग्रामपंचायत असतानाच झालंय.

हळदीतला_माणूस

मिरजकरांनी इचारलं म्हणून सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या हळदीची हमाली.

पेव म्हणजे नुसता खड्डा न्हवं. तोंड अरुंद, माणूस कसाबसा उतरंल एवढं, आणि आत पोट मोठं. हरिपूरची माती घट्ट, ओल धरत न्हाई, म्हणून पेवं इथंच. आतनं शेणानं सारवायचं, बाजूनं पाला-चटया लावायच्या, मग हळद सोडायची. भरलं की तोंड बंद करून वरनं माती. आत हवा न्हाई, म्हणून किडा जगत न्हाई, कोंब फुटत न्हाई. चार-पाच वर्सं ठेवली तरी हळद तशीच, रंग उलट चढायचा. उघडताना मातूर घाई चालत न्हाई. तोंड खोलून काही तास वारं आत जाऊ द्यायचं, मगच माणूस उतरायचा. घाई केलेली माणसं जीवाला मुकल्यात. पेवात उतरणारा गडी बघूनच ठरवायचा, कुणालाबी उतरवत न्हवते.

२००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. लाखमोलाची हळद कुजली. वास गावभर होता. त्यानंतर व्यापाऱ्यांनी गोदामं, कोल्ड स्टोरेज धरली आणि पेवं बुजवत गेली. ज्या जमिनीत पेवं होती तिथं आता प्लॉट पडल्यात. ह्यात ग्रामपंचायतीचा काय दोष आणि महापालिका असती तरी काय केलं असतं? पूर थांबवला असता का? पण जी दोन-चार राहिली असतील ती नोंदवून ठेवा एवढंच माझं म्हणणं. पोरांना दाखवायला तरी पायजेत.

रोजचा_प्रवासी

हळदीतल्या मामांनी लिहिलं ते मी पहिल्यांदाच इतकं नीट वाचलं. धन्यवाद.

पण त्यातलंच शेवटचं वाक्य घ्या: पेवांच्या जमिनीत प्लॉट पडले. हे कुणाच्या परवानगीनं? २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा ५५ च्या आसपास. धोक्याची पातळी ४५. दोन नद्या जिथं मिळतात तिथं पाणी पसरणारच. कोयना धरणातून कृष्णेत, चांदोली धरणातून वारणेत एकाच वेळी विसर्ग चालू असला की संगमावर दोन्हीकडून तुंबतं. २०१९ च्या पुरानंतर त्याचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनंही पूरक्षेत्रातल्या बांधकामांकडं बोट दाखवलं. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकाम होऊच नये. हे रोखायला नगररचना विभाग, अभियंते लागतात. गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक, नाही कोण म्हणणार?

संगमपार

नाही म्हणणं गावात अवघड आहे, हे मान्य. पण शहरात नगररचना विभाग होता ना? तरी शामरावनगरसारख्या सखल भागात गुंठे-गुंठे विकले गेले आणि आजही पावसाळ्यात तिथल्या लोकांच्या दारात महिनोन्‌महिने पाणी असतं. २००१ मध्ये गुंठेवारीचा कायदा आला, तो मुळात झालेलं नियमित करण्यासाठी. त्या लोकांनी आयुष्याची कमाई घातली, त्यांना बोल नाही. पण अभियंते असले की पूरपट्टा वाचतो, हे सांगलीनं तरी सिद्ध केलेलं नाही.

आणि सांडपाण्याचं म्हणाल तर शेरीनाला आठवा. सांगलीचं सांडपाणी शेरीनाल्यातून कृष्णेत मिसळतं, आणि नदी पुढं कुठं जाते? हरिपूरला. ते पाणी उचलून धुळगावच्या शेतीला द्यायची योजना झाली, तरी प्रश्न संपलेला नाही. आम्ही खालच्या अंगाला आहोत. ज्या घाटावर लोक श्रावणात अंघोळ करतात, तिथं हे पाणी येतं. शहराचा उपयोग आम्ही रोज करतो असं तुम्ही लिहिलंत, पण शहरही नदीमार्गे आमचा उपयोग रोज करतंय. याचा हिशेब हद्दवाढीच्या चर्चेत कुणीच मांडत नाही.

मिरजेच्या दादांचा प्रश्न मात्र मला टाळता येत नाही. काम थांबलं की नाव पोकळ होतं, हे बरोबर. म्हणूनच मला गाव हवंय. उरलेली पेवं शोधायची तर कुणाच्या परड्यात, कुणाच्या गोठ्यामागं होती हे सांगणारी म्हातारी माणसं गावात आहेत. प्रभागाच्या कार्यालयात ती माहिती येणार नाही.

गावभागातली_वहिनी

मी सांगलीतल्या गावभागातली. दोन्ही बाजू वाचल्या. आमचा भाग पहिल्यापासून शहरात आहे, गणपती मंदिर हाकेवर, तरी २०१९ ला तळमजला पाण्यात गेला. त्यामुळं हद्दीत असण्यानं पूर चुकतो असं मला वाटत नाही, आणि हद्दीबाहेर राहिल्यानंही चुकत नाही.

मला एवढं विचारायचंय की हरिपूरच्या ग्रामसभेत निळी पूररेषा गावाच्या नकाशावर आखून चावडीत लावायचा ठराव का होऊ नये? प्लॉट घेणाऱ्याला तो आधी दिसेल. त्याच नकाशावर पेवांच्या जागाही टाका. संगमपार, तुम्ही गावचे आहात, तुम्हीच मांडा.

हळदीतला_माणूस

वहिनी, जागा मी दाखवतो. आमच्या आळीतल्या तीन तर मला पक्क्या ठावं हायत, त्यातल्या एकीवर आता घर हाय. माझ्या थोरल्या चुलत्याला आणखी ठावं असतील, पण त्यांचं वय झालंय, चालवत न्हाई. गाडी घेऊन या, त्यांना बसवून गावभर फिरवू. पावसाळ्याआधी या मातूर.