निवृत्तीनंतर सेवाकार्य: आठवड्याला किती तास झेपतील?

त्रिमूर्तीनगरकर: बाबा ६८ वर्षांचे. बीपी-शुगरच्या गोळ्या सुरू आहेत, गुडघे दुखतात. मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) रुग्णांच्या मदतीला रोज जायचं म्हणतात. तब्येतीला खरंच फायदा होतो का?

सकाळची_फेरी: होतो, पण रोज कशाला? अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास १३,००० जणांचा अभ्यास २०२० मध्ये आला. वर्षाला १०० तासांपासून पुढे, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास काम करणाऱ्यांत मृत्यूचा धोका कमी, चालण्या-उठण्याच्या अडचणी कमी, एकटेपणाही कमी दिसला. बीपी आणि शुगरवर मात्र फरक दिसला नाही. २०१३ च्या एका अभ्यासात २०० तासवाल्यांना नव्याने बीपी होण्याचं प्रमाण कमी होतं, तरी त्या भरवशावर गोळी सोडायची नाही. शिवाय मुळात धडधाकट माणसंच अशा कामाला जास्त येतात, हेही धरून चाला.

वाचनतास: मेडिकलच्या ओपीडीत तासन्‌तास उभं राहावं लागतं, त्या गुडघ्यांना ते सोसणार नाही. खोकल्या-तापाची गर्दी वेगळीच. जायचंच असेल तर चौकशीच्या टेबलावर, बसून. त्यापेक्षा मनपाच्या शाळेत मुलांना वाचायला शिकवणं बरं: आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, चार-पाच मुलं. मुख्याध्यापकांना आधी भेटा आणि खुर्ची मागून घ्या. संकोचाने सतरंजीवर मांडी घालून बसतात आणि तिसऱ्या आठवड्यात येणंच बंद होतं. आपल्या विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात, तेव्हाच सुरुवात करा. ऊनही उतरलेलं असतं.

गोळ्यांची_डबी: शुगरची गोळी घेऊन उपाशी निघायचं नाही. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर साखर उतरू शकते. हात थरथरले, दरदरून घाम फुटला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, १५ मिनिटांनी तपासायचं. ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की काहीतरी खायचं. खिशात ग्लुकोजची पुडी आणि गोळ्यांची चिठ्ठी हवीच. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना दुपारी १२ ते ४ बाहेर पडणं नको. बीपीची गोळी लघवी वाढवणारी असेल तर उन्हात चक्कर लवकर येते.

त्रिमूर्तीनगरकर: आणि मध्येच जमेनासं झालं तर?

वाचनतास: पहिल्याच दिवशी तीन महिन्यांपुरतंच कबूल करा. शिकवायला दुसरं कुणी जोडीला असू द्या, म्हणजे काका एखादा मंगळवार आले नाहीत तरी मुलं ताटकळणार नाहीत.