अंगणवाडीच्या खाऊला टेंडर हवंच कशाला?

रानवारा:
आधीच सांगतो, मी यात तटस्थ नाही, माझी आई गेली 11 वर्षं बचतगटातून अंगणवाडीची खिचडी-उसळ शिजवते. परवा इथे एकाने लिहिलं की टेंडर न काढता सरकारी पैसा कुणालाही देणं म्हणजे भ्रष्टाचारच. रस्त्याला, कॉम्प्युटरला मान्य, पण तीन ते सहा वर्षांच्या पोरांचं ताजं जेवण ही काय सिमेंटची गोणी आहे का? 2004 लाच सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की अंगणवाडीच्या आहारात ठेकेदार नकोत, शक्यतो गावातले लोक, बचतगट, महिला मंडळं यांच्याकडून करून घ्या. आणि दर तर सरकारनेच बांधून दिलाय, 2017 च्या निकषाने एका पोरामागे दिवसाला 8 रुपये. त्यात अजून कमी भाव कोण देतंय हे बघायला गेलात तर कात्री डाळीलाच लागणार ना.

हिशेबनीस:
आईंबद्दल आदर आहे. पण आमच्या तालुक्यात काय झालं ते ऐका. एका गावात काम मिळालेल्या गटाची अध्यक्ष पुढाऱ्याची सून, बाकीच्या बायकांना पासबुक कुठंय तेही माहीत नाही, सह्या मात्र सगळ्यांच्या. दुसऱ्या गटाने अर्ज केला तर जागा भरली म्हणून परत पाठवलं, कधी भरली, कुणी भरली, कागद नाही. 2015 ला राज्याच्या महिला-बालविकास खात्यात चिक्कीसकट 206 कोटींची खरेदी टेंडरविना दरकरारावर, म्हणजे आधीच ठरलेल्या दराने झाली, पुढे एसीबीने, म्हणजे लाचलुचपत खात्याने क्लीन चिट दिली ती दिली, पण लोकांच्या मनातला संशय गेला नाही. जाहिरात आणि स्पर्धा झाली असती तर ही वेळच आली नसती.

शेवंता:
@हिशेबनीस टेंडर काढलं की सगळं स्वच्छ होतं असं नाही हो. घरी न्यायच्या आहाराचं, म्हणजे टीएचआरचं 2016 चं टेंडर आठवा, 6300 कोटींचं. अटी अशा घातल्या की मोठी उलाढाल, मोठी मशिनरी असलेलेच टिकावेत आणि गावातले गट दारातच अडावेत. शेवटी 2019 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. त्याआधी 2012 ला सुप्रीम कोर्टानेच नेमलेल्या आयुक्तांनी लिहिलं होतं की आपल्याकडे पुरवठा करणाऱ्या महिला संस्थांच्या आड खाजगी कंपन्या आहेत.

हिशेबनीस:
मग माझंच म्हणणं खरं झालं की! नाव महिला संस्थेचं आणि मागे कंपनी, म्हणून तर तपासायला उघड प्रक्रिया हवी. आणि 2019 च्या निकालात कोर्टाने नव्याने टेंडर काढा असंच सांगितलं, टेंडर नको असं नाही म्हटलं. अर्धा निकाल सांगू नका.

रानवारा:
ते टीएचआरचं, पाकिटातलं. मी बोलतोय चुलीवरच्या जेवणाबद्दल, ते जिल्ह्याच्या गोदामातून येऊच शकत नाही. आमच्याकडे मीठ जास्त पडलं तर संध्याकाळी पाणवठ्यावर पोरांच्या आया आईला विचारतात, ठेकेदाराला कोण विचारणार? आणि जे गट खरंच राबतात त्यांची बिलं चार-चार महिने येत नाहीत, किराणा उधारीवर, व्याज घरातनं. हे कितीही टेंडर काढलं तरी सुटत नाही.

हिशेबनीस:
बिलाचं पटलं, त्यावर वाद नाही. पण मग तुम्हीच सांगा, तुमच्या गावात उद्या दुसऱ्या 10 बायकांना हे काम करायचं असेल तर त्यांनी जायचं कुठे?

रानवारा:
प्रश्न बरोबर आहे, आणि आमच्याकडे त्याला आज उत्तर नाही हे मान्य करतो. दर तीन वर्षांनी ग्रामसभेत अर्ज मागवा, कुठल्या गटाला किती पैसे मिळाले ते अंगणवाडीच्या भिंतीवर लिहा, आणि निवड आयांच्या सह्यांनी करा. किमतीवर नको, एवढंच.

हिशेबनीस:
भिंतीवर लिहायचं असेल तर मी पहिला पाठिंबा देतो. ग्रामसभेबद्दल मात्र अजून शंका आहे, आमच्याकडची ग्रामसभा तीच सून चालवते.