किलोचा ठोकळा हलका झाला म्हणे, पण कुणाच्या तुलनेत?

गोंधळेश्वर: बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. पॅरिसजवळ सेव्रला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा आहे आणि १८८९ पासून किलो म्हणजे तोच. आता वाचलं की शंभर वर्षांत तो आणि त्याच्या नकला यांच्यात साधारण ५० मायक्रोग्रॅमचा फरक पडला. अहो पण किलो म्हणजेच तो ठोकळा, तर तो हलका झाला हे ठरवणार कशावरून? डोकं गरगरतंय.

उंटावरचा शहाणा: बाळबोध कसला, याच भानगडीमुळे तो रिटायर झाला! जुन्या व्याख्येनुसार तो कायम बरोब्बर एक किलो, म्हणजे त्याचे चार अणू उडाले तरी तो एक किलोच आणि बाकी सगळं जग जड झालं असं म्हणायची पाळी. तो हलका झाला की नकला जड झाल्या हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नाही. तिजोरीला तीन किल्ल्या, आणि तोलायच्या आधी ईथर-अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कातड्याने पुसून वाफेने धुवायचे, कारण नुसता ठेवला तरी हवेतली घाण बसून वजन वाढायचं. शेवटी ठरवलं की धुतल्याधुतल्या जे भरेल तोच किलो. थोडक्यात, नुकतीच अंघोळ करून आलेला ठोकळा 😄

खडूस: वजन नाही, वस्तुमान म्हणा.

उंटावरचा शहाणा: बरं बाबा, वस्तुमान. तर १६ नोव्हेंबर २०१८ ला व्हर्सायला मतदान झालं आणि २० मे २०१९ पासून किलो प्लँकच्या स्थिरांकाला, म्हणजे निसर्गातल्या एका कधी न बदलणाऱ्या राशीला बांधला, ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ हा आकडा कायमचा फिक्स. प्रत्यक्षात मोजायला किबल बॅलन्स वापरतात, त्यात वस्तूचा भार कॉइलमधल्या करंटच्या जोराने तोलून धरतात.

गोंधळेश्वर: पण त्या स्थिरांकाच्या एककातच किलो आहे ना? फिरून भोपळे चौकात!

खडूस: नाही. त्यात किलो, मीटर आणि सेकंद तिन्ही येतात. सेकंद सीझियमवरून १९६७ लाच ठरला, ९,१९,२६,३१,७७० कंपनं. प्रकाशाचा वेग २९,९७,९२,४५८ मीटर दर सेकंद असा १९८३ ला पक्का केला, त्यातून मीटर आला. दोन ठरलेले, मग उरलेला किलो आपोआप निघतो.

गोंधळेश्वर: अच्छा, आत्ता ट्यूब पेटली. मग त्या ठोकळ्याचं काय केलं, वितळवला?

उंटावरचा शहाणा: छे हो, आहे तिजोरीतच. फक्त आता त्यालाही मोजावं लागतं, व्याख्या बदलली तेव्हा एक किलो, पण १० मायक्रोग्रॅम इकडेतिकडे धरून.