मदत हवी आहे: मेंदू थांबल्यावर जाणीव उरते का?

नमस्कार. आम्ही फोंड्याचे. जूनमध्ये बाबांचं हृदय इस्पितळात काही मिनिटं बंद पडलं होतं. डॉक्टरांनी छाती दाबून परत आणलं. आता ते घरी आहेत. संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लागला की खुर्ची ओढून बसतात आणि तेच विचारतात, "मी वरून सगळं पाहत होतो. मेंदू बंद होता, तर पाहिलं कोणी?"

मी शोधत बसले. नेदरलँड्सचे हृदयरोगतज्ज्ञ पिम व्हॅन लोमेल यांच्या 2001 च्या अभ्यासात हृदय थांबून वाचलेल्या 344 रुग्णांपैकी 62 जणांनी मृत्यूच्या उंबरठ्यावरचे अनुभव सांगितले. दुसरीकडे, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये 2023 साली चार मरणासन्न रुग्णांच्या मेंदूची नोंद तपासली. श्वासयंत्र काढल्यावर दोघांच्या मेंदूत गॅमा लहरी (जाणिवेशी जोडल्या जाणाऱ्या वेगवान विद्युत लहरी) वाढलेल्या दिसल्या. म्हणजे श्वास थांबला तरी मेंदू लगेच विझतोच असं नाही. मला हेच जास्त पटतं. हृदय थांबणं म्हणजे मेंदू मरणं नव्हे, आणि मेंदूमृत ठरलेलं माणूस परत येऊन काही सांगत नाही. पण बाबांना हे तोंडावर कसं सांगू? त्या अनुभवानंतर त्यांची मरणाची भीती गेली आहे, ती मला हिरावून घ्यायची नाही.

कुणाच्या घरी असं घडलंय का? तुम्ही काय बोललात? मेंदूविकारांचे कुणी डॉक्टर इथे असतील, तर बाबांशी मराठीत दहा मिनिटं बोलाल का? ऐकायला कमी येतं, जरा सावकाश बोलावं लागेल.