सोसायटीच्या सोलरसोबत बॅटरी घ्यावी की नाही?
(गच्चीवरून, तिसरी फेज, लोडशीट आणि मुठाकाठ या टोपणनावांनी लिहिणाऱ्या चौघांची चर्चा)

गच्चीवरून
पुण्यात सध्या अनेक सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत सोलरचा ठराव येतो आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सामाईक मीटरसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे आणि सामाईक बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं, त्यामुळे ठराव सहसा मंजूरही होतो. पण एक गोष्ट सभासदांना कुणी नीट सांगत नाही. महावितरणचा पुरवठा गेला की ऑन-ग्रिड (महावितरणच्या पुरवठ्याला जोडूनच चालणारा) इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. भर दुपारी, गच्चीवर २० किलोवॉटची पॅनल असताना लिफ्ट जागच्या जागी! हा बिघाड नव्हे. खाली लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या गच्चीवरचा करंट लागू नये म्हणून ती सोय असते.

माझं मत असं की पहिल्याच खर्चात हायब्रीड (सोलरबरोबर बॅटरीही जोडता येणारा) इन्व्हर्टर आणि एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, बॅटरी घ्यावी. निदान एक लिफ्ट, जिन्यातले दिवे, गेट आणि सीसीटीव्ही चालायलाच हवेत. अकराव्या मजल्यावरच्या आजारी माणसाला खाली कसं आणायचं, हा प्रश्न बिलाच्या बचतीपेक्षा मोठा आहे.

तिसरी फेज
पूर्ण असहमत. हिशेब करून बघा. महिन्याला पाच तास वीज जाते असं धरू. लिफ्ट आणि दिवे मिळून ताशी अडीच युनिट, म्हणजे साडेबारा युनिट. जनरेटर कमी लोडवर लिटरमागे जेमतेम दोन-अडीच युनिट देतो. पाच-सहा लिटर डिझेल लागलं, नव्वदच्या दराने पाचशेच्या आसपास. एवढ्यासाठी काही लाखांची बॅटरी? ती पैसे कधीच फेडणार नाही.

तोच पैसा सोलर नीट बसवण्यात घाला. आधी सामाईक मीटरची १२ महिन्यांची बिलं काढा. पुण्यात एक किलोवॉट वर्षाला साधारण १,४०० युनिट देतो. वापर २८,००० युनिट असेल तर २० किलोवॉट पुरे, आणि मंजूर भारापेक्षा जास्त क्षमता नेट मीटरिंगमध्ये (ग्रिडला दिलेली युनिटं वापरातून वजा होण्याच्या सोयीत) बसतही नाही. गरजेपेक्षा मोठं सोलर लावलं तर ३१ मार्चला उरलेली युनिटं अगदी कमी दराने निकालात निघतात. पाण्याचे पंप टायमर लावून सकाळी दहा ते दुपारी तीनमध्ये आणा. ५ एचपीचा पंप चार तास चालला की १५ युनिट जातात. जमा युनिटांचे नियम उद्या बदलले तरी थेट वापरलेलं युनिट आपलंच राहतं. आणि लिफ्टला एआरडी बसवा. वीज गेली की ती जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते, माणूस अडकत नाही.

गच्चीवरून
एआरडीने अडकलेला माणूस सुटतो, अकराव्या मजल्यावरचा खाली येत नाही. जनरेटरचा हिशेबही अर्धाच मांडलाय. तो चालो न चालो, त्याची बॅटरी, तेल आणि फिल्टर बदलावेच लागतात. सतत कमी लोडवर चालवला तर न जळलेलं इंधन सायलेन्सरमध्ये साचतं. शिवाय नवीन घ्यायचा तर जुलै २०२३पासून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सीपीसीबी ४ प्लस निकषांचाच घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो.

लोडशीट
दोघांचंही बोलणं युनिटांवर अडकलंय. बॅटरीची गणितं चुकतात ती किलोवॉटमध्ये, म्हणजे एका क्षणी किती वीज देता येते त्यात. दोन तासांत लिफ्टच्या चाळीस फेऱ्या झाल्या तर फेरीला ०.०८ युनिट धरून ३.२ युनिट होतात. दिवे-कॅमेरे दीड युनिट. एकूण पाचच्या आत. म्हणून विक्रेता १० युनिटांची बॅटरी सुचवतो आणि कागदावर ती भरपूर दिसते. पण भरलेली लिफ्ट वर निघताना क्षणभर १० किलोवॉट मागते. बॅटरीचा डिस्चार्ज ०.५सी (तासाला क्षमतेच्या निम्मा) असेल तर १० युनिटांची बॅटरी फक्त ५ किलोवॉट देऊ शकते. लिफ्ट हलते आणि ट्रिप होते. म्हणजे एक तर १सी बॅटरी हवी, नाही तर २० युनिटांची. कोटेशनमध्ये युनिटांशेजारी सतत मिळणारे किलोवॉट आणि दहा सेकंदांचे किलोवॉट लिहून घ्या.

आणखी तीन जागा बिघडतात. बॅकअपवर फेजचा क्रम उलटा जोडला गेला तर लिफ्टच्या पॅनलमधला रिले लिफ्ट हलूच देत नाही. ग्रिड सुटल्यावर न्यूट्रल आणि अर्थची जोडणी इन्व्हर्टरने स्वतः करायला हवी, नाहीतर आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) भरवशाचा राहत नाही. तिसरं, रिकामी लिफ्ट वर जाताना काउंटरवेट तिला ओढतं आणि मोटर वीज तयार करते. ड्राइव्हला (मोटर चालवणाऱ्या यंत्रणेला) ब्रेकिंग रेझिस्टर असेल तर ती उष्णता होऊन जाते. वीज परत सोडणारा ड्राइव्ह असेल तर इन्व्हर्टर ओव्हरव्होल्टेजवर जाऊ शकतो.

मुठाकाठ
बॅटरी ठेवणार कुठे? बहुतेक जण तळघरातल्या पार्किंगचा कोपरा दाखवतात. जुलै २०२४मध्ये खडकवासल्याच्या विसर्गानंतर सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी कुठवर चढलं होतं, ते आठवा. नदी-नाल्याजवळ बॅटरी आणि तिचं पॅनल पुराच्या रेषेच्या वर हवं. गच्चीवर उन्हात ठेवूनही चालत नाही, तापमानाने आयुष्य घटतं. जिन्याच्या वरची हवेशीर खोली बरी, पण आधी अग्निशमनाच्या दृष्टीने जागा तपासून घ्यावी, कारण सुटकेचा जिना अडता कामा नये.

पॅनलच्या स्ट्रक्चरबद्दलही. पुण्यासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात वाऱ्याचा मूलभूत वेग ३९ मीटर प्रतिसेकंद आहे. वॉटरप्रूफिंग फोडून अँकर मारण्यापेक्षा काँक्रीटचे ब्लॉक बरे, मात्र त्यांचं वजन स्लॅबला पेलेल हे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्यावं. पॅनलच्या वायरी जोडणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ कनेक्टर एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क सैल राहतो आणि तिथेच तापून आग लागते.

तिसरी फेज
साठवण हवीच, पण ती ग्रिडच्या पातळीवर स्वस्त पडते. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन (पाणी वर चढवून वीज साठवण्याचा) प्रकल्प २००८पासून आहे. आपल्याच जिल्ह्यात शिरवटा इथे १,८०० मेगावॉटच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार २०२३मध्ये झालाय. संध्याकाळची गरज तिथून भागवावी. प्रत्येक इमारतीत बॅटरी म्हणजे प्रत्येक इमारतीत देखभालीची डोकेदुखी. काही वर्षांनी समिती बदलते, ठेकेदार फोन उचलत नाही.

गच्चीवरून
गल्लीतल्या खोदकामात केबल तुटली तर शिरवट्याची वीज घरापर्यंत येणार कशी? पुण्यात वीज जाते ती बहुतेक वेळा शेवटच्या पाचशे मीटरमध्येच.

देखभालीचा मुद्दा मात्र बरोबर आहे. म्हणून पैसे कमी असतील तर असं करता येईल: इन्व्हर्टर बॅटरी जोडता येण्याजोगा हायब्रीडच घ्यायचा, आवश्यक लोडचं डीबी (वितरण बोर्ड) आत्ताच वेगळं काढायचं, केबलचा पाइप आणि जागा राखून ठेवायची. बॅटरी दोन वर्षांनी आली तरी वायरिंग पुन्हा फोडावं लागत नाही.

तिसरी फेज
वेगळं डीबी मान्य. ते जनरेटरलाही उपयोगी पडतं. इन्व्हर्टरचा जास्तीचा खर्च आत्ता का करायचा, हे मला अजून पटलेलं नाही. ऑन-ग्रिडला पुढे एसी बाजूने बॅटरी इन्व्हर्टर जोडता येतो.

लोडशीट
येतो, पण बॅकअपवर बॅटरी पूर्ण भरली की गच्चीवरचं उत्पादन बॅटरी इन्व्हर्टरला फ्रिक्वेन्सी वाढवून कमी करावं लागतं, आणि जुन्या ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला ती सूचना कळली नाही तर सगळंच बंद पडतं. आत्ता ऑन-ग्रिड घेणार असाल तर फ्रिक्वेन्सीनुसार उत्पादन कमी करण्याची सोय त्यात आहे का, हे डेटाशीटमध्ये बघून घ्या. बॅटरी कधीही घ्या, पण काम ताब्यात घेताना मेन स्विच पाडून दोन फेऱ्या मारायला लावा: पूर्ण भरलेली लिफ्ट तळमजल्यावरून वर आणि रिकामी लिफ्टही वर. दोन्ही पार पडेपर्यंत शेवटचे दहा टक्के बिल देऊ नका, आणि ही अट वर्क ऑर्डरमध्येच लिहा.