न्यूयॉर्कचे छोटे गॅस पीकर: २०३० ला बंद की अजून सवलत?

जनित्र: न्यूयॉर्कच्या सरकारी वीज प्राधिकरणाने २००१ मध्ये घाईघाईने बसवलेली छोटी गॅस टर्बाइन (पीकर, म्हणजे मागणी चढली की तेवढ्यापुरती चालणारी) २०३० अखेर बंद करायची, असा राज्याचा २०२३ चा कायदा आहे. ग्रिडला गरज पडली तर सवलत. माझ्या मते सवलत नकोच. मशीन एलएम६०००, विमानाच्या इंजिनावरून बेतलेलं, एकेक साधारण ४७ मेगावॉटचं. ओपन सायकल, धुरातली उष्णता वाया जाते, म्हणजे विजेच्या युनिटमागे जवळपास अर्धा किलो कार्बन डायऑक्साइड. त्यात न्यूयॉर्क शहराच्या दक्षिण ब्राँक्स भागात आधीच दमा जास्त, आणि ही चालतात नेमकी ओझोन चढलेल्या दुपारी.

वाफारा: कार्बनचं मान्य, नॉक्सचं (नायट्रोजन ऑक्साइड, ज्यांपासून ओझोन बनतो) नाही. ज्वालेत पाणी फवारून नॉक्स २५ पीपीएमवर (धुराच्या दहा लाख भागांत २५) येतो, पुढे अमोनिया आणि कॅटॅलिस्टने अडीचच्या घरात. पूर्ण लोडवर तासाला १९-२० किलोऐवजी दोनेक किलो. खरे धुरकट पीकर १९७० च्या आसपासचे, कॅटॅलिस्ट नसलेले. त्यातलेच शहरातले गोवानस आणि नॅरोजचे तरंगते संच वीज कमी पडेल म्हणून २०२३ मध्ये राखून ठेवावे लागले. चांगली मशीनं आधी काढलीत तर हेच जास्त चालणार.

जनित्र: अडीच हा तापलेल्या कॅटॅलिस्टचा आकडा आहे हो. मशीन १० मिनिटांत लोडवर येतं, कॅटॅलिस्टला तापायला जास्त वेळ लागतो. गार असताना अमोनिया सोडला तर तो तसाच चिमणीतून बाहेर. दोन तास चालवलंत आणि पहिली २० मिनिटं २५ पीपीएमवर गेली असं धरा: तेवढ्यात साडेसहा किलो, उरलेल्या १०० मिनिटांत साडेतीनही नाही.

स्लिप५: किलोत बोलताय ते बरं. सुरुवातीला धुरात ऑक्सिजन जास्त असतो, त्यामुळे नियमाप्रमाणे १५ टक्के ऑक्सिजन धरून दुरुस्त केलेला पीपीएम उगाच फुगतो.

पण वय झालेल्या संचाचं दुखणं वेगळंच. अमोनियाच्या काही नोझल चोंदतात, कॅटॅलिस्टच्या एका भागाला अमोनिया कमी मिळतो, तिथून नॉक्स निसटतो. ऑपरेटर नॉक्स मर्यादेत ठेवायला एकूण अमोनिया वाढवतो. मग दुसऱ्या भागातून तोच न वापरता बाहेर पडतो. चौकटीचं सील फाटलं तरी लक्षण हेच. म्हणून नवं कॅटॅलिस्ट मागवण्याआधी सील बघा, कॅटॅलिस्टच्या मागे आडव्या छेदात जागोजागी नॉक्स मोजा, नोझलचे व्हॉल्व्ह जुळवा.

घाटमाथा: आपल्याकडे संध्याकाळी कोयना धावून येते. तिकडे तसं काही नाही?

वाफारा: ब्लेनहाइम-गिलबोआ हे पाणी वर चढवून साठवणारं जलविद्युत केंद्र आहे, हजार मेगावॉटच्या वर. पण लांब उत्तरेला. शहरात शिरणाऱ्या तारा भरल्या की तिथलं पाणी काय कामाचं?

जनित्र: मग बॅटरी शहरातच ठेवा. एका मशीनच्या जागी चार तासांना १८८ मेगावॉट-तास.

वाफारा: उष्णतेच्या लाटेत पाचव्या तासाला काय करणार? त्यापेक्षा दक्षिण कॅलिफोर्नियात २०१७ मध्ये नॉरवॉकला केलं तसं करा: एलएम६००० शेजारी १० मेगावॉटची बॅटरी. राखीव वीज लागलीच तर ती लगेच देते, मशीन तोवर बंद. तुमची ती २० मिनिटंही कमी वेळा येतील.

जनित्र: फेऱ्या कमी होतील, मान्य. पण लाटेत मशीन दहा तास चाललं की युनिटमागचा कार्बन डायऑक्साइड अर्धा किलो तो अर्धा किलोच. आणि १० मेगावॉटला जागा सापडते, तर ४७ ला का नाही?