‘पर्सन ऑफ कलर’ला मराठीत काय म्हणायचं?

हिवाळी
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अमेरिकेतल्या व्हर्माँट राज्यातल्या जगण्यावर लेख मागितलाय. नवऱ्याला जे-वन व्हिसाच्या सवलतीवर इथे नोकरी मिळाली. जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा भागात तीन वर्षं काम करायचं, ही त्यातली अट. ती वर्षं संपली तरी आम्ही इथेच राहिलो. लेखाच्या सुरुवातीलाच एक वाक्य आहे : ‘या राज्यात मी पर्सन ऑफ कलर आहे.’ अमेरिकेत गोरे नसलेल्या सगळ्यांसाठी हा शब्द वापरतात. संपादकांनी ते बदलून ‘कृष्णवर्णीय’ केलं. तो मजकूर आईला फोनवर वाचून दाखवला, तर ती म्हणाली, “तू कुठे काळी आहेस गं?” तिचंही बरोबर आहे. कृष्णवर्णीय म्हणजे आफ्रिकन वंशाचे लोक, हे मराठीत आता रूढ आहे आणि त्यांचं दुःख मी माझ्या नावावर लावून घेऊ शकत नाही. ‘सावळी’ लिहावं तर ते कौतुकाचं होतं, विठ्ठलाकडे जातं. ‘रंगीत’ माणसाला लागत नाही. मग काय लिहू?

कोशकीटक
सरळ शब्द आहे : गौरेतर. गौर अधिक इतर. ब्राह्मणेतर, मानवेतर, शिक्षकेतर हे सगळे आपण रोज वापरतो. घडण आपली आहे, अर्थ पहिल्या वाचनात कळतो. इंग्रजी शब्दसमूह उचलून देवनागरीत ठेवणं म्हणजे भाषांतर नव्हे. दिवाळी अंकाने तरी हे करू नये असं मला मनापासून वाटतं.

ओसरी
गौरेतर व्याकरणाने चोख आहे, पण तो ‘नॉन-व्हाइट’चा अनुवाद झाला. आणि नेमका तो शब्द टाळण्यासाठीच लोक ‘पीपल ऑफ कलर’कडे वळले. गोरे हे मोजमाप, बाकीचे सगळे ‘इतर’, ही मांडणीच त्यांना नको होती. शब्द तसा जुना. फ्रेंच वसाहतींत आणि लुइझियानात गुलाम नसलेल्या मिश्रवंशीयांना असंच म्हणत. मग अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाट्यांवरचा ‘कलर्ड’ आला, तो अपमानाचा. १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच्या संघटनेच्या नावात तो अजून आहे. १९७७ मध्ये ह्यूस्टनच्या राष्ट्रीय महिला परिषदेत काळ्या, लॅटिन, आशियाई आणि मूलनिवासी बायका एकत्र आल्या आणि ‘विमेन ऑफ कलर’ ही एकजुटीची ओळख म्हणून पुढे आली. म्हणजे हे कातडीचं वर्णन नाही, आघाडीचं नाव आहे. ‘इतर’ लावून आघाडी होत नाही.

कोशकीटक
ब्राह्मणेतर चळवळ ‘इतर’ लावूनच झाली की! शतकभरापूर्वीची आणि आपल्याच महाराष्ट्रातली.

ओसरी
हे मात्र मान्य. याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही.

घाटवळण
एवढंच सांगायला लॉगिन केलं : कोणताही शब्द घ्या, ‘वर्ण’ घेऊ नका. वर्णीय, सवर्णीय, बहुवर्णीय, काहीही नको. मी ज्या वस्तीत वाढलो तिथे वर्ण म्हटल्यावर कोणाला रंग आठवत नाही, चातुर्वर्ण्य आठवतं. पेपरात ‘वर्णद्वेष’ वाचतानाही मला दर वेळी अडखळायला होतं.

आणि आघाडीबद्दल म्हणाल तर आपल्याकडे ती शब्दाशिवाय झाली. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. १९७२ मध्ये मुंबईत पँथर उभी राहिली, नाव सरळ तिकडून घेतलं, ‘चित्ता’ करत बसले नाहीत. ज्यांना नातं जाणवलं त्यांनी जोडलं. त्यामुळे मला शब्दापेक्षा दुसरं खुपतं. सोयरिकीच्या जाहिरातीत ‘गोरी, सडपातळ’ मागणारं घर अमेरिकेत उतरलं की पर्सन ऑफ कलर होतं. हिवाळी ताई, हे तुमच्याबद्दल नाही, तुम्हाला मी ओळखत नाही. पण लेखात याची एक ओळ तरी यावी.

उजेडवाट
मी न्यू जर्सीत आहे आणि स्वतःला पर्सन ऑफ कलर म्हणवून घेत नाही. आमच्या घरात आजीपासून सगळे घारे, निमगोरे. मला दुकानात ग्रीक किंवा इटालियन समजतात. फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ची चौकट आहे, तिथे खूण करते, विषय संपतो. १९७० च्या जनगणनेत तर भारतीयांना गोऱ्यांतच मोजलं होतं. आपली स्वतंत्र चौकट १९८० मध्ये आली.

ओसरी
उजेडवाट, त्याच्या आधीचंही पाहा. १९२० ते १९४० च्या जनगणनांत आपली नोंद ‘हिंदू’ अशी होती, मग माणूस शीख असो की मुसलमान. भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते. नागरिकत्वासाठी त्यांनी कोर्टात मांडलं की मी आर्य, म्हणून कॉकेशियन, म्हणून गोरा. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शास्त्र काही म्हणो, सामान्य माणूस ‘गोरा’ शब्दाने जे समजतो त्यात तुम्ही बसत नाही. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या कित्येक भारतीयांचं ते काढून घेतलं गेलं. म्हणजे घारे डोळे, गोत्र, आर्यपणा, सगळं सांगून झालं होतं. निकाल बघणाऱ्याच्या हातात होता.

कोशकीटक
‘गौर’चा संस्कृत अर्थही जाता जाता पाहू. पांढरा हा त्याचा एक अर्थ. पिवळसर, तांबूस हेही आहेत. गौरी हळदीच्या अंगाची असते ती त्यामुळे, असं माझं मत. त्यातल्या पिवळसर अर्थाने उजेडवाटांची आजी गौर ठरेल आणि नॉर्वेचा माणूस ठरणार नाही! तरीही गौरेतर मी सोडत नाही, कारण आजचं मराठी ‘गोरा’ हे युरोपीय माणसाला स्वच्छ लागू आहे.

हिवाळी
सगळे मनापासून लिहिताय, त्यामुळे मीही नीट सांगते.

उजेडवाट, न्यू जर्सीत आपली माणसं इतकी आहेत की तुम्हाला ग्रीक समजलं तरी चालून जातं. व्हर्माँटची लोकसंख्या साडेसहा लाखांच्या आत, २०२० च्या जनगणनेत जवळजवळ ९० टक्के गोरे. खेड्यात तर याहूनही जास्त. इथे मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते. लाकडी हॉल, घडीच्या खुर्च्या, मागे टेबलावर कोणीतरी भाजून आणलेले ‘पाय’ (pie) आणि बीन्सचं पातेलं. रस्ता सपाट करणाऱ्या यंत्रावर, ग्रेडरवर, किती खर्च करायचा हे हात वर करून ठरतं. सभा चालवणारे गृहस्थ हात वर करणाऱ्या प्रत्येकाला नावाने बोलावत होते. आमच्या घरासमोरची मोरी दर वसंतात तुंबते, त्याबद्दल मी हात वर केला, तर म्हणाले, “मागच्या बाई.” सगळा हॉल वळला. मागे आम्ही पुष्कळ बायका होतो, पण कोणती बाई हे विचारायची गरज कोणालाही पडली नाही.

जेवताना एका आजोबांनी विचारलं, कुठल्या तुम्ही? मी रस्त्याचं नाव सांगितलं. “नाही, त्याच्या आधीच्या?” एप्रिलच्या चिखलात गाडी चाकापर्यंत रुतली तेव्हा हेच आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी लावली, गाडी काढून दिली आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. जाताना विचारलं, “अजून किती दिवस आहात इथे?” घर आम्ही विकत घेतलंय हे त्यांना माहीत होतं.

मला त्यांच्यावर फिर्याद लिहायची नाही. मी या गावात कधीही गर्दीतली एक होऊ शकत नाही, आणि ते कोणाच्या वाईटपणामुळे नाही, हे लिहायचंय. गौरेतर म्हटलं की ती जनगणनेतली नोंद होते. हा जो सतत दिसत राहण्याचा भाग आहे, तो त्यात येत नाही.

आणि ‘इथले लोक किती चांगले’ एवढ्यावरही थांबायचं नाही. १७७७ च्या घटनेत प्रौढांची गुलामगिरी बंद करणारं हे राज्य. पण ल्यूसी टेरी प्रिन्स आणि त्यांचे पती एबायजा, दोघेही गुलामीतून सुटलेले, गिलफर्डला जमीन करून राहत होते. शेजाऱ्यांनी इतकं छळलं की १७८५ मध्ये ल्यूसीबाईंना थेट गव्हर्नर आणि त्यांच्या मंडळाकडे दाद मागावी लागली. मंडळाने त्यांच्या बाजूने निर्णय दिला. २०१८ मध्ये बेनिंग्टनच्या आमदार काया मॉरिस यांनी वंशद्वेषी छळापायी पद सोडलं. मधे दोनशेहून अधिक वर्षं गेलेली आहेत. हेही त्याच लेखात हवंय.

सावजी
ताई, लेख दमदार होणार. पण ‘कुठले तुम्ही?’ यात वाईट काय ते मला समजलं नाही. आमच्याकडे नागपुरात एसटीत शेजारी बसलेला माणूस पाच मिनिटांत गाव, आडनाव, मामाचं गाव सगळं विचारून घेतो. त्यातनं ओळख निघते. आपुलकी आहे ती.

घाटवळण
सावजी भाऊ, माझं आडनाव ऐकल्यावर पुढचा प्रश्न गावाचा येतो आणि गावानंतर ‘गावात घर कोणत्या बाजूला?’ येतो. विचारणाऱ्याला काय काढायचंय ते त्यालाही कळतं, मलाही. तुमच्यासाठी आपुलकी असेल. ताईंचा ‘त्याच्या आधीच्या?’ वाचला आणि मला तो प्रश्न जसाच्या तसा ओळखू आला.

सावजी
मी तसा कधी विचारला नाही. पण तुम्ही म्हणता ते ऐकलंय, नाही कसं म्हणू.

भरतीओहोटी
व्हर्माँटला मी पाच वर्षं होतो, बर्लिंग्टनमध्ये. तिथे बाहेरून आलेल्या कोणालाही ‘फ्लॅटलँडर’ म्हणतात. मॅसॅच्युसेट्सचा गोराही फ्लॅटलँडर. व्हर्माँट म्हणजे मुळात फ्रेंच ‘हिरवा डोंगर’, त्यामुळे डोंगराखालचे सगळे परके. आमच्या कोकणात उलटं आहे, घाटावरून खाली आलेला तो घाटी. त्यामुळे ताईंना जे वाटतं त्यातलं थोडं परगावच्यांचंही असेल, सगळं रंगाचं नसेल.

हिवाळी
फ्लॅटलँडर आम्हीही ऐकलंय. पण गोरा फ्लॅटलँडर तोंड उघडेपर्यंत कळत नाही. त्याची मुलं इथल्या शाळेत गेली की ती इथलीच होतात. माझी मुलगी इथे जन्मली, इथलंच इंग्रजी बोलते, तरी तिला विचारतात.

घाटवळण
आणि ‘घाटी’ हा नुसता भूगोल नाही, भरतीओहोटी. मुंबईत गिरणीत आणि गोदीत राबणाऱ्या माणसाला तो शिवी म्हणून लावला गेला. माझ्या वडिलांना लावला गेलाय.

भरतीओहोटी
आमच्या घरी तो नुसता ‘घाटावरचा’ याच अर्थाने होता. गोव्यातही तसाच वापरतात.

घाटवळण
गोव्यात कसा वापरतात ते तिथे बांधकामावर गेलेल्यांना विचारा.

पाणवठा
बर्लिंग्टन-विनूस्कीकडे भूतानमधून हाकललेले नेपाळीभाषक खूप आहेत, २००८ पासून आले. माझ्यासोबत काम करणारी एक जण गोऱ्यांना ‘कुइरे’ म्हणते. ती स्वतःसाठी रंगाचा कुठलाच शब्द वापरत नाही, नाव फक्त समोरच्याला देते. हिवाळी, तुम्हीही वाक्य उलटं करून बघा : ‘मी गोऱ्यांच्या राज्यात राहते.’ मग तुम्हाला विशेषण लागतच नाही.

कोशकीटक
वाक्य चांगलं आहे, पण प्रश्न शब्दाचा होता. उद्या दुसरा अनुवादक त्याच ठिकाणी अडकेल, तेव्हा त्याला वाक्य उलटवता येईलच असं नाही. गौरेतर नोंदवून ठेवा.

ओसरी
‘मी गोऱ्यांच्या राज्यात राहते’ यात ते राज्य गोऱ्यांचं आहे हे आपणच कबूल करतो. तिथले मूळचे अबेनाकी लोक गेले कुठे?

हिवाळी
ओसरी, हा मुद्दा घेते. संपादकांना आज कळवलं की कृष्णवर्णीय काढा आणि सध्या ‘पर्सन ऑफ कलर’च ठेवा. कोशकीटक काका, रागावू नका. अंक छापायला जायला अजून वेळ आहे, कोणाला काही सुचलं तर इथेच लिहा.

कोशकीटक
रागावत नाही. गौरेतर एकदा मोठ्याने वाक्यात वाचून बघा, एवढीच विनंती.

भरतीओहोटी
घाटवळण, ‘घाटी’वर वेगळा धागा काढतो. १९६० च्या आधीच्या मुंबईत तो कसा वापरत हे घरातल्या जुन्या माणसांना विचारून लिहितो. तुमच्या वडिलांकडूनही काही मिळालं तर नक्की टाका.